हरकतीची पार्श्वभूमी

३ मे
नवा पूर-नकाशा प्रसिद्ध झाला. ताईची वस्ती पूररेषेबाहेर दाखवली आहे. अर्थात संरक्षक भिंत तिच्या वस्तीअलीकडेच थांबणार. गेल्या पुरात पाणी तिच्या खिडकीला लागले होते. हरकत फक्त जनसुनावणीत घेता येते. पर्यावरण कायदा आणि हवामान हा तर माझाच विषय. ताईला सांगितले, निर्धास्त राहा.

५ मे
वस्तीतल्या लोकांनी चार-चार ओळींच्या हरकती लिहिल्या होत्या. घरात पाणी शिरते, भिंत हवी. भावना खरी, कायद्याचा पाया कुठे? सगळ्यांच्या वतीने एकच सर्वंकष हरकत मी मांडणार, हे तासभर समजावले. पटले असावे, कारण नंतर कोणीच काही विचारले नाही. फक्त शेजारच्या काकू म्हणाल्या, "अरे, पण त्यात भिंत हा शब्द येईल ना?"

११ मे
मसुदा साठ पाने. त्यात 'रेझिलियन्स'ची, म्हणजे आपत्तीत तग धरण्याच्या क्षमतेची, व्याख्याच चौदा. भिंत अजून आलेली नाही. तिची पूर्वतयारी चालू आहे. भावजी म्हणाले, आधी भिंतीचे लिही, बाकीचे मागून जोड. पायाआधी कळस! असो.

१४ मे, सकाळी ६
छातीत धडधड. बहुधा कॉफी. सुनावणी उद्या, प्रत्येकी तीन मिनिटे. एक पार्श्वभूमीला, एक व्याख्येला, एक भिंतीला. आरशासमोर तालीम केली. पार्श्वभूमीला अकरा मिनिटे लागली. प्रत्यक्षात वेग आपोआप येतो.

१५ मे
सभागृह खच्चून भरलेले. ताई पहिल्या रांगेत. पार्श्वभूमी उत्तम झाली, अधिकारी मान डोलावत होते. व्याख्येच्या उंबरठ्यावर घंटा वाजली. आणखी एक मिनिट मागितले, मिळाले नाही. काकू बोलायला उठल्या, तर त्यांना बसवले: वस्तीने एकच वक्ता नोंदवला आहे. (माझ्याच सूचनेवरून.) ताई काकूंना घेऊन घरी निघून गेली. पाया मात्र भक्कम घातला गेला.

२ जून
निर्णय आला. वस्तीकडून विशिष्ट हरकत नाही, नकाशा कायम. अपिलाला उत्तम वाव! तातडीने ताईकडे गेलो. पावसाआधी कपाट वरच्या मजल्यावर न्यायचे म्हणून तिने ते रिकामे केले होते. मी अपिलाची पार्श्वभूमी सुरू केली.

"ते टोक धर," ती म्हणाली. "आणि बोलू नकोस."

धरले. जिना अरुंद. वळणावर एक महत्त्वाचा मुद्दा सुचला.

नाही बोललो.