थॉर्नकोम शिकार मंडळाचा मागकार

२ नोव्हेंबर, शनिवार. पहाटे साडेपाच.

शिकारीच्या मोसमाचा आज पहिला दिवस, आणि माझ्या नव्या कारकिर्दीचाही. थॉर्नकोम शिकार मंडळाचा मागकार! एकसष्टाव्या वर्षी माणसाला नवं पद मिळतं, हे आमच्या जुन्या ड्रेनेज खात्यात कुणीतरी कळवायला हवं. कुत्री कोल्ह्यामागे सोडायला कायद्याने बंदी. म्हणून कोल्ह्याच्या मुतात भिजवलेलं फडकं दोरीला बांधून मी रानातून ओढत पळायचं. थोड्या वेळाने त्या वासावर कुत्री येणार, कुत्र्यांमागे घोडेस्वार. कोल्हा सुखरूप, कायदा सुखरूप. सगळी मदार माझ्यावर.

ग्वेन अंथरुणातूनच म्हणाली, एडगर, ती मुताची बाटली स्वयंपाकघरात ठेवलीस तर मी आईकडे निघून जाईन. तिची आई जाऊन नऊ वर्षं झाली. म्हणजे धमकी गंभीर आहे.

संध्याकाळी.

पळालो. कुत्री सांभाळणाऱ्या आणि शिंग फुंकणाऱ्या क्रॉकरने मला उत्तरेला टेकडीकडे पाठवलं. कुत्री दक्षिणेला ओढ्याकडे गेली. मी टेकडीवर दुपारपर्यंत वाट पाहिली. लांबून शिंग छान ऐकू येत होतं. वारा उलटा असणार. गुडघा भोपळ्याएवढा सुजलाय.

संकल्प: उद्यापासून रोज पळणे. लोणी बंद.

३ नोव्हेंबर, रविवार.

गुडघा. ग्वेनने ब्रेड-बटर पुडिंग केलं होतं. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. पळणे सोमवारपासून.

९ नोव्हेंबर, शनिवार.

पुन्हा उत्तरेला. कुत्री पुन्हा दक्षिणेला. क्रॉकरला विचारलं, मी पण दक्षिणेलाच गेलो तर? तो घाईघाईने म्हणाला, नको नको साहेब, तुम्ही टेकडीच धरा, टेकडीवर तुमच्यासारखा दुसरा माणूस नाही. अनुभवी माणूस. वाऱ्याचं त्याचं काहीतरी गणित असणार. मला समजत नाही म्हणून ते चूक, असं म्हणणाऱ्यांतला मी नव्हे.

दोष वासातच आहे. बाजारची बाटली पातळ. घरी सुधारणा करायची. सार्डिनचं तेल, थोडी बडीशेप.

१३ नोव्हेंबर, बुधवार.

सुधारित मिश्रण तयार. शेजारच्या चार मांजरी शेडच्या दारात बसून आहेत, म्हणजे वास पोचतो. ग्वेनने माझं अंथरूण पाहुण्यांच्या खोलीत टाकलंय. थोर कामात घरच्यांचा विरोध व्हायचाच.

१६ नोव्हेंबर, शनिवार. रात्री.

यश! एक कुत्रा आला! म्हातारा, एक कान अर्धा तुटलेला. कळपापासून चुकून टेकडीवर माझ्यापर्यंत आला, माझं हॅम सँडविच खाल्लं आणि माझ्या बुटावर झोपला. बाकीची कुत्री ओढ्याकडे होती, पण सुरुवात तर झाली. क्रॉकर त्याला न्यायला आला तेव्हा मी विचारलं, मिश्रण कसं वाटलं? म्हणाला, जबरदस्त, साहेब, जरा वारा माझ्याकडून तुमच्याकडे जाईल असे उभे राहता का?

२३ नोव्हेंबर, शनिवार.

आज मिसेस बेलिंगर स्वतः बोलल्या! मंडळाच्या मास्टर, म्हणजे प्रमुख, त्या. कोटाला मंडळाचं पितळी बटण लावायचा मान त्यांच्याच हातात, आणि ते मागून मिळत नाही. या गावात चौदा वर्षं राहतोय, तरी पबात अजून मला ‘ते शहरातले’ म्हणतात. एकदा बटण लागलं की कुणाची काय बिशाद!

बाई घोड्यावरूनच ओरडल्या, टॅप्सकॉट, तुम्ही आहात म्हणून आम्ही निर्धास्त आहोत. ग्वेनला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितल्यावर ती म्हणाली, हो रे, असतीलच. आणि विणकाम घेऊन बसली. बायकोला नवऱ्याचं कौतुक पचत नाही, दुसरं काय.

नवा ट्वीड कोट शिवायला टाकलाय. बटणं साधी लावायला सांगितली, सहज उसवता येतील अशी.

२६ डिसेंबर, गुरुवार. संध्याकाळी सात.

नाताळच्या दुसऱ्या दिवसाचा मोठा मेळा. पबसमोर सगळं गाव. घोडे, पोर्ट वाइन, सॉसेज रोल. पोलीस आला होता, आणि दरवेळची ती हिरव्या जॅकेटवाली प्राणीमित्र बाईही, कॅमेरा घेऊन. मिसेस बेलिंगरनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पोलिसाला म्हणाल्या, हे आमचे मागकार, सगळं यांच्या वासावर चालतं. पोलीस एक पाऊल मागे सरकला. माझा ऊर भरून आला.

मग घात झाला. मी टेकडीवर, आणि कुत्र्यांनी पार दक्षिणेला चर्चमागच्या कोबीच्या वाफ्यात कोल्हा फाडला. हिरव्या जॅकेटवालीने सगळं टिपलं. क्रॉकर म्हणे शिंग फुंकून कुत्र्यांना पुढे घालत होता. थांबवत असणार बिचारा. लांबून दोन्ही सारखंच दिसतं.

चूक माझी आहे. मिश्रण टेकडीपलीकडे पोचलंच नाही. कुत्र्यांना वास मिळाला नाही, ती गोंधळली, आणि अपघात झाला. बडीशेप कमी पडली.

२८ डिसेंबर, शनिवार.

मिसेस बेलिंगरकडे जाऊन सगळा दोष स्वतःवर घेतला. बडीशेपेचंही सांगितलं. त्यांनी उठून दार लावून घेतलं. मग म्हणाल्या, टॅप्सकॉट, देवाशप्पथ, बडीशेपेचं कुणाजवळ बोलू नका. गुपित राखायचंय त्यांना. इतर मंडळं चोरतील.

११ मार्च, मंगळवार.

क्रॉकरवर खटला भरलाय. मंडळ त्याच्या पाठीशी आहे. आणि मुख्य साक्षीदार कोण? मी!

कुत्री माझ्या मागावर होती आणि कोल्हा वाटेत तडमडला, एवढं सिद्ध झालं की क्रॉकर सुटला. नाही सुटला तर जमीनमालक आपली रानं बंद करतील, मग मंडळ बंद आणि क्रॉकरचं घरही जाईल, कारण ते मंडळाचं. सहा खोल्या, बायको, आजारी सासू. माणसाचा संसार माझ्या जिभेवर आहे. झोप येत नाही, पण अभिमान वाटतो.

कोर्टासाठी नवा कोट. संकल्प: ऑक्टोबरपर्यंत पोट कमी करणे.

१२ ऑक्टोबर, रविवार.

कोट पोटावर लागत नाही. शिंपी निष्काळजी.

क्रॉकरच्या वकिलाने पुन्हा बजावलं, मिस्टर टॅप्सकॉट, फक्त हो किंवा नाही. माग टाकला होता का? हो. बस. गप्प उभं राहायचं. हा मुलगा हुशार आहे, पण त्याला ग्रामीण कोर्टाचा अनुभव नाही. मी ठरवलंय, सगळं सविस्तर सांगायचं. खरं बोलणाऱ्याला भीती कसली?

१४ ऑक्टोबर, मंगळवार. रात्री.

लिहिणार नव्हतो.

साक्ष उत्तम चालली होती. माग टाकला होता का? हो. कुठे? इथे वकील जोरात खोकला. मी टेकडीचा पूर्ण रस्ता सांगितला. काटेरी कुंपण, ओकचं झाड, पाण्याची टाकी, सगळं. मॅजिस्ट्रेट बाईंनी नकाशा मागवला, चष्मा लावला आणि विचारलं, पण कोल्हा मारला गेला तो वाफा तर गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे, नाही का? मी म्हटलं, हो मॅडम, तीच तर माझी चूक, आणि मिश्रणाची अडचण समजावून सांगितली. सार्डिनपासून.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चांगल्या बाई. मग हळू आवाजात विचारलं, मिस्टर टॅप्सकॉट, संपूर्ण मोसमात कुत्री तुमच्या मागावर कधी आली होती का?

मी शपथ घेतली होती. म्हटलं, एक आला होता, मॅडम.

मागे कुणीतरी फस्सकन हसलं. मग सगळेच. हिरव्या जॅकेटवाली मात्र हसली नाही. क्रॉकरने डोकं दोन्ही हातांत धरलं होतं.

दोषी. दंड.

बाहेर गाड्यांपाशी मिसेस बेलिंगरना गाठलं. म्हटलं, अपील करू, मी आणखी सविस्तर सांगेन. त्या म्हणाल्या, अहो टॅप्सकॉट, तुम्हाला खरंच वाटत होतं की आम्ही तुमच्या त्या फडक्यामागे धावतोय? कुणीतरी लांब जाऊन ओढायला हवं होतं, पोलिसांना दाखवायला. दुसरं कुणी पाच मिनिटांत ओळखलं असतं. मग गाडीचं दार लावून गेल्या.

रागात बोलल्या. उद्या शांत होतील.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार.

शांत झाल्या नाहीत. फोन उचलत नाहीत. तीन जमीनमालकांनी रानं बंद केली. मंडळ विसर्जित. कुत्री दुसऱ्या परगण्यात चालली. क्रॉकरच्या दारात टेम्पो उभा होता, सासूबाईंना खुर्चीसकट त्यात चढवत होते. मी मदतीला गेलो. क्रॉकर म्हणाला, राहू द्या, साहेब. नुसतं एवढंच. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

१ नोव्हेंबर, शनिवार.

आज मोसम सुरू झाला असता.

काल रात्री ग्वेनला विचारलं, तुला ठाऊक होतं का? ती म्हणाली, अरे, सगळ्या गावाला ठाऊक होतं. पोस्टातल्या बाईला ठाऊक होतं. कधीपासून? म्हणाली, पहिल्या दिवसापासून.

मी चिडलो. ओरडलोच तिच्यावर. मग सांगितलं का नाहीस? वर्षभर मी रानात मूत ओढत फिरतोय आणि तू विणत बसलीस? तिने विणकाम खाली ठेवलं. म्हणाली, निवृत्त झाल्यापासून तू नऊ-नऊ वाजेपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडून असायचास, एडगर. मी फार घाबरले होते. त्या मोसमात तू शनिवारी अंधारात उठायचास, शीळ घालत. मला वास चालला.

मी विणकाम उचलून तिच्या मांडीवर ठेवलं.

आज जाग पाचलाच आली. दहापर्यंत पडून होतो.