आमसुलाचं पाणी

ती. दादास,
सिंगापूरहून सुहासचा वाकून नमस्कार.

मी आता बरा आहे, घाबरू नकोस. फोनवर आई तुझ्या शेजारीच असते, म्हणून लिहितोय. हे तिला वाचून दाखवू नकोस.

छातीत कळ आली म्हणून मला इथल्या इस्पितळात उतरवलं आणि बोट पुढे गेली. बाराव्या मजल्यावर आहे. खिडकी उघडत नाही. खाली बंदर दिसतं, तेवढंच.

डॉक्टरीणबाईंनी माझ्या रक्तवाहिन्यांचं चित्र दाखवलं. आतून चरबी साठत गेली, तिच्यावर चुना धरला आणि त्या कडक झाल्या. वीस वर्षं इंजिनरूममध्ये पाइपांतला थर खरवडतोय, मला काय वेगळं समजवायचं! असा थर एका दिवसात धरत नाही. सिगारेट, रक्तदाब, आणि घराण्यातच आहे म्हणाल्या.

आणि मी शहाणा सहा महिने पित्त समजून आमसुलाचं पाणी पीत होतो. आईनेच डबा भरून दिला होता.

देवळाकडून घाटी चढताना तूही मध्येच बसतोस, जळजळतंय म्हणतोस. या आठवड्यात रत्नागिरीला जाऊन तपासून घे. आईला सांग, डोळे दाखवायला चाललोय.

बाबा गेले त्या सकाळी त्यांनाही पित्तच झालंय असं आपण समजलो होतो. आमसुलाच्या पाण्याचा पेला आईनेच त्यांच्या तोंडाला लावला होता, आठवतं ना?

फोनवर ती रोज विचारते, "आमसुलाचं पाणी घेतोस ना रे?"

मी घेतो म्हणतो.

तुझा धाकटा,
सुहास