हाडाची सुई

२ मार्च १९८७, दोंडाईचा
सकाळच्या गाडीने उतरलो. दोन खोल्यांचा दवाखाना, दारात कडुनिंब, हवा उत्तम. मोठे डॉक्टर सहा महिने मुलाकडे गेलेत, तोवर कारभार माझा. हाताखाली दोन रत्नं: कंपाउंडर तोताराम आणि जखमा धुणाऱ्या भागाबाई. पुण्यात शिकलेल्या माणसाला हे सहा महिने म्हणजे सुट्टीच.

९ मार्च
बाजाराचा दिवस. साठ माणसं आणि साठांचीही कंबर दुखते. गोळी दिली की तोंड वाकडं करतात. सुई टोचली नाही तर यांच्या लेखी उपचारच झाला नाही. कपाटात ड जीवनसत्त्वाच्या तेलकट औषधाची खोकी होती, एकेक सुई सहा लाख युनिटांची. हाडं कॅल्शियम धरतील आणि यांची तोंडं बंद होतील. दर बाजाराला एक, असं फर्मावून टाकलं. प्रवासाने माझीही कंबर धरली होती, मीही घेतली.

१६ मार्च
तोतारामने आज अक्कल पाजळली. "सहा महिनामा एकच सुई, साहेब. मोठा डॉक्टरना हुकूम शे." आठवी नापास माणूस मला औषधं शिकवणार! घरी पाठवला. भागाबाईंना कच्च्या पपईवर सुई टोचायला शिकवलं. हात बरा आहे, डोकं लागतंच कुठे.

२० एप्रिल
सगळ्यांना तहान लागलीय. झुंबरबाई नावाची म्हातारी बसल्या बसल्या अर्धा माठ संपवते, ओकते, पुन्हा पिते. भर उन्हात हिंडणाऱ्यांना तहान लागली तर त्यात नवल कसलं? माझीही सातवी सुई झाली. मलाही ऊन बाधतंय.

४ मे
झुंबरबाईच्या बुबुळांवर पांढरी रेघ, चुन्याने ओढल्यासारखी. लघवी बंद. सुनेला ओळखत नाही. "पानी पी पी पोट फुगनं, तहान जात नही," एवढंच म्हणते. धुळ्याला न्या म्हटलं. आधी सुई, मग धुळे, घरचे म्हणाले. अडाणी. भागाबाईंनी नववी दिली. मीही घेतली.

११ मे
झुंबरबाई गेली. आज पहिल्यांदा खोक्यातलं पत्रक वाचलं. सहा महिन्यांतून एक. जास्त झाली तर कॅल्शियम रक्तात चढतं, मूत्रपिंडं निकामी होतात. बंद केली तरी औषध अंगातल्या चरबीत महिनोन्महिने राहतं. साठ माणसं. आणि मी. आज एकही सुई देऊ दिली नाही. माणसं चिडली. मूर्ख— नाही, मूर्ख मी.

१४ मे
आरशात पाहिलं. माझ्या दोन्ही डोळ्यांत— रेघ. सकाळपासून लघवी नाही. सगळ्यांना धुळ्याला न्या, भागाबाईंना सांगतोय. त्या म्हणतात, साहेब तापात बरळतात. ताप नाही मला—

१८ मे
बाजार. ओसरी भरलीय. जीभ टाळूला चिकटते, बोलता— भागाबाई सगळ्यांना सांगतात, एक बाजार चुकला म्हणून साहेब पडले. बायका रडतात माझ्यासाठी. खोकी फोडायला हवी होती, कपाटात अजून—

दोघांनी पाय धरलेत. मायेने. भागाबाई म्हणतात, "उगा ऱ्हा, साहेब. आज दोन सुया देस."

उजवा हात मोकळा आहे. हे वाचेल त्याने बाहेरच्यांना सांगा, ही सुई—