हळदीच्या हातांचं कारण

आरोहीचे बाबा,

कपाटातला विहाराचा नवा प्रोजेक्टर मी घेऊन चालले, शोधत बसू नका. आज दुपारी मंडळाच्या साऱ्या बाया विहारात हळद शिजवायच्या कुकरचा व्हिडिओ बघणार हायेत.

जुन्या प्रोजेक्टरला तुमी आमाला तीन वर्षं बोट लावू दिलं न्हाई. काहून, तर म्हणे हळदीचे हात, डाग पडतात. नवा डाग धरत न्हाई, हे काल तुमीच चार माणसांत तेलाचं बोट घासून दाखवलं. मग आता कशाची अडचण?

पिठलं झाकून ठेवलंय, भाकरी टोपल्यात हायेत. जेवून तुमीबी या. बटन मीच दाबणार हाये. येताना तंबाखूचा हात तेवढा धुऊन या.

संध्या