अर्धा तास बसून राहा

प्रिय वेलांटी,

आज मंगळवार, अकरा मार्च. सकाळचे दहा वाजून पाच मिनिटं झाली आहेत आणि मी तपासणीच्या दवाखान्यात, औषधाच्या वासाच्या एका लांबट खोलीत, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो आहे. डाव्या दंडावर कापसाचा बोळा चिकटवलेला आहे. सिस्टर म्हणाल्या, "अर्धा तास बसून राहा. काही वाटलं तर हाक मार." काही म्हणजे काय, हे विचारेपर्यंत त्या पुढच्या माणसाची बाही वर करायला लागल्या होत्या. तेव्हापासून मला सगळंच वाटतं आहे. जीभ जाड झाल्यासारखी वाटते. कान तापले आहेत. छातीत कोणीतरी पत्रा ठोकतंय. उजवा हात मात्र शाबूत आहे, म्हणून पिशवीतून कागद काढला. लिहिताना मी ऱ्हस्व-दीर्घ बघत बसतो आणि तेवढा वेळ दुसरीकडे लक्ष जात नाही, हे तुला माहीत आहे.

मला टोचून घ्यावं लागणार, हे माझ्याआधी तुलाच कळलं होतं. बायकोकडे परदेशात राहायला जायचं तर व्हिसाच्या डॉक्टरांपुढे लसींचा दाखला लागतो, आणि माझ्याकडे दाखला म्हणावा असा एकच, सातवीत शाळा सोडल्याचा. तू फोनवर म्हणालीस, "अरे पेंटर, घे की टोचून. मी इथे आले तेव्हा मलाही टोचलं होतं, काय झालं मला?" मी हो हो म्हणालो. दुकानात मालकांना सांगितलं तर ब्रश धुता धुता म्हणाले, "बायकोकडे जायला एवढी तपासणी? अरे, बैल घेतानासुद्धा माणूस नुसते दात बघतो!" सगळे हसले, मीही हसलो. पण त्या दिवशी माझ्या हातून एका पाटीची कड वाकडी गेली, आणि माझी कड कधी वाकडी जात नाही.

पहिल्या दिवशी इथे आलो तर दारावर पाटी होती, 'लसिकरण कक्ष'. पहिली वेलांटी! ज्यांना दुसरी वेलांटी देता येत नाही ते माझ्या दंडात काय देतील, असं मनात आलं आणि मी पायरीवरूनच मागे फिरलो. तू असतीस तर आत जाऊन त्यांना ऐकवलं असतंस. मला कसं ऐकवलं होतंस! शिवणवर्गाची पाटी न्यायला आलीस, ती डोळ्यांजवळ धरलीस आणि भर दुकानात म्हणालीस, "अहो पेंटर, महिलेची वेलांटी पहिली. दुसरी देऊन तिच्यावर आणखी भार कशाला टाकता?" मालक ठसका लागेपर्यंत हसले होते. मी ती पाटी पुसून पुन्हा रंगवली आणि तेव्हापासून तू वेलांटी झालीस. तर त्या दिवशी मी तुला फोनवर सांगितलं की गर्दी होती म्हणून परत आलो. गर्दी नव्हती. एक माणूस होता, तोही झोपलेला.

आता जे तुला धड माहीत नाही ते सांगतो. मला एक लहान भाऊ होता आणि तो तापाने गेला, एवढंच मी तुला सांगितलं आहे. त्याला आम्ही बारका म्हणायचो. बाबा गवंडी. जिथे इमारत उभी राहणार तिथे आमची पत्र्याची खोली, इमारत पुरी झाली की पत्रे सोडवून पुढच्या कामावर. त्यामुळे मला ना शाळा धड मिळाली, ना लस. मी पाच वर्षांचा होतो आणि बारका दीड वर्षाचा, तेव्हा एका कामावर सुईवाल्या बाया आल्या. मजुरांची मुलं रांगेत उभी केली. बारक्याला टोचलं. चार दिवसांनी त्याला ताप आणि पुरळ, मग धाप, आणि मग तो गेला. मला टोचलं नाही, कारण आईने मला आत लपवलं होतं. ही गोष्ट ऐकतच मी मोठा झालो. "एक त्यांनी नेला, एक मी लपवला," असं ती म्हणते. एकदा माझ्या पायात खिळा गेला होता. कंपाउंडर इंजेक्शन भरत होता, तर आईने मला टेबलावरून ओढून खाली घेतलं. तो म्हणाला, "अहो बाई, पोरगा दगावेल." ती म्हणाली, "दगावतात ते तुमच्या सुईनेच. मी डोळ्यांनी बघितलंय." तसाच लंगडत घरी आलो. माझ्या अंगात सुई गेलेली नाही म्हणून मी उभा आहे, असं मला सत्तावीस वर्षांचा होईपर्यंत खरंच वाटत होतं. इतर मुलं अंधाराला घाबरायची, मी फाटक्या कपड्याला टाका घालणाऱ्या माणसालाही वळसा घालून जायचो. आणि बायको केली ती शिवणारी!

दुसऱ्यांदा आलो तो पळवाट विचारायलाच. सिस्टर म्हणाल्या, एखादा रोग लहानपणी होऊन गेला असेल तर त्याची खूण रक्तात राहते. ती सापडली तर त्या रोगाची लस नको. मी लगेच बाही वर केली. रक्त काढायलाही सुईच लागते, पण ती घेऊन जाते, आत काही सोडत नाही, अशी मनाची समजूत घातली आणि डोळे मिटले. गेल्या मंगळवारी निकाल ऐकायला गेलो. सिस्टर कागद बघून म्हणाल्या, "गालगुंड नाही, रुबेला नाही. गोवर मात्र होऊन गेलाय तुला." मी म्हणालो, "नाही हो, मला काही झालेलं नाही. आईनेच सांगितलंय." त्या म्हणाल्या, "लस घेतली नाहीस म्हणतोस ना? मग होऊनच गेलाय. रक्त कशाला खोटं बोलेल? आणि सुटका झाली म्हणून नाचू नकोस, तिन्ही लसी एकाच सुईत येतात. दोन द्या, एक ठेवा, असं भाजीवाल्यासारखं चालत नाही इथे." मी नाचत नव्हतो. मला तेव्हा अजून काहीच कळलं नव्हतं.

कळलं ते दुकानात, एका पाटीला काळा रंग देताना. त्या लपण्याची मला आठवण आहे. खिडकीवर चादर टांगलेली. चादर हलून उजेड आला की डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं, मी रडायचो आणि आई चादर पुन्हा घट्ट खोचायची. अंगाची आग व्हायची. बारका माझ्या पोटावर चढायचा, माझ्याच भांड्यातलं पाणी प्यायचा, मी खोकलो की माझी नक्कल करून खोकायचा आणि हसायचा. मला वाटायचं, लपायचं म्हणजे असं अंधार करून लपायचं. सुईवाल्या बाया एक दिवस आल्या आणि गेल्या. एका दिवसासाठी लपवलेलं पोर इतके दिवस अंधारात कशाला ठेवलं असेल, हा प्रश्न मला आजवर पडला नव्हता. हातातला ब्रश तसाच राहिला. रंग ओघळून अक्षरावर आला.

शुक्रवारी परत इथे आलो. "माझ्या एका ओळखीच्याच्या घरी असं झालं होतं," अशी सुरुवात करून सिस्टरना सगळं विचारलं. त्या म्हणाल्या, "टोचल्यावर चार दिवसांत पुरळ आणि धाप? मग ते सुईचं नाही. सुईने आलंच तर आठवडाभराने येतं आणि हलकं येतं. गोवर आधीच अंगात शिरला असणार, सुई पोचली उशिरा. बाळाच्या आधी घरात कोणाला पुरळ आलं होतं का?" मी म्हणालो, "एवढं विचारलं नाही मी त्याला." त्यांनी माझ्या रक्ताचा कागद पुन्हा काढून बघितला. मग म्हणाल्या, "मंगळवारी ये. आणि उपाशी येऊ नकोस, चक्कर येते." गेला आठवडाभर फोनवर मी नुसता हं हं करत होतो आणि तू विचारत होतीस, रागावलास का. रागावलो नव्हतो गं.

आईला माहीत होतं का, हे मला कळत नाही. माझ्या अंगावर आलंय ते उष्णतेचं पुरळ आहे असं तिला खरंच वाटलं असेल. किंवा कामावरून काढून टाकतील म्हणून तिने दारात उभं राहून, मोठा इथे नाही, असं सांगितलं असेल. आज बावीस वर्षं ती सुईला शिव्या घालते आहे. सुई नसती तर त्या शिव्या कोणाला घालाव्या लागल्या असत्या, हे मी मनात पुरतं म्हणूसुद्धा शकत नाही. तिला मी विचारणार नाही. आज सकाळी निघताना तिने दारात अडवलं. "छातीचा फोटोच ना? टोचणार नाहीत ना?" म्हणाली. मी म्हणालो, "फोटोच गं." तिने माझ्या बाहीचं सुटलेलं बटण लावून दिलं आणि दोनदा ओढून बघितलं.

मध्येच थांबलो होतो. मानेला खाज सुटली आणि मला वाटलं, झालं, सुरू झालं. "सिस्टर!" म्हणून इतक्या जोरात ओरडलो की दोन माणसं उठून उभी राहिली. सिस्टर धावत आल्या, कॉलर उलटी करून बघितली आणि म्हणाल्या, "अरे, शर्टाचं लेबल आहे हे!" मग कागदाकडे बघून म्हणाल्या, "काय, मृत्युपत्र लिहितोस की काय?" सगळी खोली हसली. त्या जाता जाता सांगून गेल्या, आठ-दहा दिवसांनी थोडा ताप येईल, चार पुरळ उठतील, घाबरायचं नाही. मला तापाची भीती नाही, वेलांटी. तो आईने बघण्याची आहे. बोळ्याची खूण लपवता येते, पुरळ कसं लपवू? म्हणून मी ठरवलं आहे, ते दिवस दुकानाच्या माळ्यावर झोपायचं. आईला सांगेन की परगावी मोठ्या पाटीचं काम मिळालं आहे. तिचा फोन आला तर तूही तेच सांग. शिवायचं कापड कोणत्या रंगाचं, असं काहीतरी निमित्त काढून ती तुला फिरवून फिरवून विचारेल, तू बधू नकोस.

अर्धा तास होऊन गेला. सिस्टरनी बोळा काढून बघितला आणि जा म्हणाल्या. तरी मी उठलो नाही, कारण ज्यासाठी कागद काढला ते लिहायचं राहिलं आहे. दिवाळीत तू येऊन गेलीस आणि आता तुला पाचवा महिना लागला आहे. बाळ येईल, एक दिवस त्यालाही गोवराची सुई द्यायची वेळ येईल, आणि इथून आई फोनवर रडेल, शपथा घालेल. मला सगळं कळलं आहे, तरी आज या दारातून आत येताना मला भिंत धरावी लागली. त्या दिवशी मला यातलं काही आठवणार नाही, नुसती भीती आठवेल. मी म्हणेन, आज त्याला सर्दी आहे. मी म्हणेन, पुढच्या महिन्यात नेऊ. मी आईसारखाच बोलेन आणि मला ते माझंच बोलणं वाटेल. तू ऐकू नकोस. माझ्याशी वाद घालू नकोस, मला समजावत बसू नकोस. माझ्या हातातून बाळ घे आणि जा. मी दारात आडवा उभा राहिलो तर हा कागद माझ्यासमोर धर. अक्षर माझं आहे, एकही खाडाखोड नाही, आणि लिहिताना मी पूर्ण शुद्धीत होतो. फक्त नंतर बाळाला ताप आला तर तेवढा वेळ त्याला तूच जवळ घेऊन बस, आणि मला बाजूला बसू दे.

तुझाच,
पेंटर