पहिलं पाणी

४ जानेवारी

बेसिन पुन्हा तांबडं! बाबा सकाळी तांबडमुळीचं पहिलं पाणी ओततात आणि वरून नळ सोडायचं विसरतात. मग घासत बसायचं मी. दिवसभर प्रयोगशाळेत तीच मुळी, घरी आलं की तिचेच डाग. वैताग नुसता!

बोलले तर म्हणे, "मला काय हौस आहे फेकायची? तुझी आई फेकायची म्हणून फेकतो. जीव तुटतो माझा." तुटणारच. पेस्टची ट्यूब कात्रीने फाडून आतलं पुसून घेणारा माणूस! पण काढा अजून आईच्याच पद्धतीने — मुळी एकदा उकळायची, ते पाणी ओतून द्यायचं, तीच मुळी परत उकळायची, ते दुसरं पाणी प्यायचं. का, ते आईलाही माहीत नव्हतं. तिची आई करायची म्हणून ती करायची. गुडघ्यांना बरं वाटतं, एवढं खरं.

९ जानेवारी

साहेबांनी आज पुन्हा दारातूनच विचारलं, "काय मग, मुळी सुरक्षित आहे की नाही?" मी सांगायला लागले — सर, दोन्ही पाणी वेगवेगळी तपासतोय, कारण पहिल्या पाण्यात... "हो की नाही, तेवढंच बोला." आणि गेलेसुद्धा. अहो, वाक्य तरी पुरं होऊ द्या!

१७ जानेवारी

बुरशी. पेशी वाढवायच्या सगळ्या ताटल्यांवर.

यकृताच्या पेशी म्हणजे घरातला लाडावलेला जावई. ऊब हवी, खाणं वेळेवर हवं, जरा हवा लागली की रुसल्या. आणि इनक्युबेटरचं दार कोणीतरी उघडं ठेवून गेलं! मी काही विचारायच्या आतच शेजारच्या टेबलावरची चष्मेवाली म्हणाली, "मी नाही हं!" सगळं मुसळ केरात. पुन्हा श्रीगणेशा.

२ फेब्रुवारी

पहिल्या पाण्यात पेशी मेल्या. झाडून सगळ्या. दुसऱ्या पाण्यातल्या मजेत आहेत.

चष्मेवाली म्हणते, "तुझ्याच हातून काहीतरी घोळ झाला असेल." असा राग आला! पण परत करून बघायला तर हवंच. त्याचाच जास्त राग आला.

२० फेब्रुवारी

परत तेच. उंदरांतही तेच! पहिलं पाणी पाजलं त्यांची यकृतं सुजली, दुसरं पाजलं ते ठणठणीत. आई, बरोबर होतीस गं तू. न शिकता, न तपासता. आम्हा सगळ्यांना तू जपलंस आणि तुला पत्ताही नव्हता. मी तिथेच टेबलापाशी रडायला लागले. चष्मेवालीने हातरुमाल दिला. "ताटल्यांपासून लांब रड," म्हणाली.

अहवालात स्वच्छ लिहिलंय — पहिलं पाणी टाकून दिलं तरच सुरक्षित. साहेबांनी शेवटचा शब्द तेवढा वाचला. "वा, म्हणजे सुरक्षित!" मी 'तरच'वर बोट ठेवून उभी राहिले. तो शब्द त्यांनी मोठ्याने वाचला, मगच सहीला पेन दिलं.

२१ फेब्रुवारी

घरी आल्या आल्या सांगायला गेले. बाबा बातम्या बघत होते. "बाबा, मुळीची तपासणी झाली. पहिल्या पाण्यात ना—"

"थांब. पिऊ की नको, एवढं सांग."

हेही तेच! दिवसभर साहेबांशी डोकेफोड करून आलेली मी. "प्या! सुरक्षित आहे!" म्हटलं आणि खोलीचं दार आपटलं.

जाऊ दे. त्यांना कुठे काही बदलायचंय? आई शिकवून गेली तसंच चालू आहे. निवांत सांगेन कधीतरी.

५ मार्च

बेसिन चकचकीत! बरेच दिवस डाग नाही, आज लक्षात आलं. बाबा सुधारले म्हणायचे! कौतुक केलं तर मिश्कील हसले. जेवले मात्र निम्मंच. भूक नाही म्हणाले. उकाडा वाढलाय, त्यानेच असेल.

११ मार्च

अहवाल छापून आला. आधी 'तरच' शोधला — शाबूत आहे! साहेबांवर नजर ठेवली म्हणून.

बाबा दुपारभर झोपून होते म्हणे. बरं नाही का विचारलं, तर खेकसले, "माणसाने दमूही नये का?" दमा बापडे. प्रत्येकाची चिडचिड मीच ऐकायची.

१४ मार्च

हॉस्पिटलच्या बाकावर लिहितेय.

सकाळी उजेडात बाबांचे डोळे बघितले. पिवळे.

डॉक्टरांनी विचारलं, नवीन काही औषध घेता का? बाबा कौतुकाने माझ्याकडे बघत म्हणाले, "नवीन कशाला? हिने तपासलेला काढाच. सुरक्षित आहे म्हणाली, तेव्हापासून दोन्ही पाणी पितो. हिची आई उगाच फेकायची."