घोड्याच्या घरातले प्यादे

टेंभुर्णी,
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

ती. अजमतचाचा,

मुकुलचा सलाम. आम्ही सगळे बरे आहोत. ताहेराचाचींच्या गुडघ्याला आराम पडला असेल. बुद्धिबळात मिळालेली ढाल दुकानात गल्ल्याच्या वर ठेवली आहे. सेठ येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात.

रविवारी जालन्यात जिल्हा स्पर्धेच्या शेवटच्या डावात मी चांगला खेळलो, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. पंधरा मिनिटांच्या डावात तुम्हाला शेवटपर्यंत अडवून धरणारा जिल्ह्यात दुसरा कोण आहे? शिकवलेही तुम्हीच.

शेवटची खेळी मात्र डोक्यातून जात नाही. तुमचे प्यादे घोड्याच्या घरात पोचले आणि तुम्ही वजिराऐवजी घोडा ठेवलात. घनसावंगीत आपण देशी डाव खेळायचो. प्यादे ज्याच्या घरात पोचेल, तोच मोहरा व्हायचे. हाताला तीच सवय.

मागून कुणीतरी ओरडले, "ओ चाचा, हे पारावरचं बुद्धिबळ न्हाई! वजीर घ्या की!"

सगळे हसले. तुम्ही म्हणालात, "हाथ बुढ्ढा हो गया रे, मुकुल." हार मानून राजा आडवा केलात आणि हात पुढे केलात.

चाचा, तो घोडा माझ्या राजाला शह देत होता. माझा वजीरही त्याच्याच माऱ्यात होता. तुम्ही वजीर केला असता, तर पुढच्याच खेळीला मी मात केली असती. जिंकवणारी ती एकच खेळी होती.

हे मी घरी येऊन शोधले, असे आधी लिहिले होते. तो कागद फाडला. मी तिथेच पाहिले होते. राजा सरकवायला हात उचललाही होता. तुमचा हात समोर आला, तसा तोच पुढे केला.

पंचांना फोन करून विचारले. हार मान्य केली की डाव संपला, निकाल बदलत नाही. पण पहिल्या आलेल्याने लेखी माघार घेतली, तर राज्य स्पर्धेला दुसरा जातो.

येत्या रविवारी दुपारपर्यंत येतो. पट तसाच मांडू. मोहऱ्यांच्या जागा वेगळ्या कागदावर लिहिल्या आहेत, बराबर आहेत का पाहा. तुमच्या घड्याळात एकोणीस सेकंद, माझ्या एकतीस. वजीर जाईल, तरी मी जिंकायलाच खेळणार. वेळ तुमच्याकडे कमी आहे.

सोबत माघारीचा अर्ज आहे. मी जिंकलो, तर माझ्यासमोर फाडा. तुम्ही जिंकलात, तर तारीख टाका. सही केलेली आहे.

चाल अजून बाकी असलेला,
तुमचा मुकुल